डडली स्ट्रीट: आधी खुर्च्या, मग कचरा, मग जमीन

रहिवाशांची संघटना काढायची म्हटलं की आपल्याकडे चर्चा लगेच नगरसेवक, वॉर्ड ऑफिस, निवेदन, मोर्चा याच्यावर जाते. संघटनेच्या आत मत कुणाचं चालणार हा विषय कुणी काढतच नाही, आणि माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक संघटना तिथेच अडकतात, महापालिकेपर्यंत पोचायच्या आधीच. म्हणून बोस्टनमधल्या डडली स्ट्रीटची केस सविस्तर लिहितोय. तिथल्या रहिवाशांनी महापालिकेकडून जे मिळवलं ते अमेरिकेत त्याआधी कुठल्याच वस्तीच्या संघटनेला मिळालं नव्हतं, खासगी मालकीची रिकामी जमीन सक्तीने संपादन करायचा अधिकार. पण त्याची मुळं ज्या मीटिंगमध्ये आहेत तिथे लोक महापालिकेशी भांडत नव्हते, मदत करायला आलेल्या भल्या माणसांशी भांडत होते.

आधी भाग कसा होता ते. रॉक्सबरी आणि नॉर्थ डॉर्चेस्टर जिथे भिडतात तिथला हा पट्टा, बोस्टनच्या डाउनटाउनपासून दोन मैलसुद्धा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर गोरी कुटुंबं उपनगरात निघून गेली, बँकांनी या भागात कर्ज देणं जवळपास थांबवलं, आणि कर्ज मिळत नाही म्हटल्यावर घर दुरुस्त कोण करणार आणि विकत कोण घेणार. मग अशी वेळ आली की काही मालकांना घर भाड्याने देण्यापेक्षा ते जळून विम्याचे पैसे मिळालेले परवडायला लागले. 1970 च्या दशकात इथे आगीमागून आगी लागल्या. जळकी घरं महापालिका पाडून टाकायची आणि प्लॉट तसाच उघडा सोडायची. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला या भागातली एक तृतीयांशाच्या आसपास जमीन रिकामी होती, रिकाम्या प्लॉटचा आकडा 1,300 सांगतात.

रिकामा प्लॉट दिसला की कचरा येणारच, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. इथे मात्र वस्तीतला कचरा नव्हता, बाहेरून ट्रक भरून यायचे, बांधकामाचा राडारोडा, जुने फ्रिज, सडलेलं मांस, नंबरप्लेट काढलेल्या गाड्या. शिवाय कचरा गोळा करून पुढे पाठवणारी ट्रान्सफर स्टेशनं लायसन्स नसताना घरांच्या शेजारी चालायची, उन्हाळ्यात खिडकी उघडता येत नव्हती, उंदीर आणि माश्या घरात. आणि लोक तक्रार करत नव्हते असं अजिबात नाही, करत होते, पण एकेकट्याने फोन करून काही हलत नव्हतं.

राहणारे लोक चार प्रकारचे. आफ्रिकन-अमेरिकन, लॅटिनो, केप व्हर्दे या आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या बेटांवरून आलेले लोक (ही बेटं आपल्या गोव्यासारखीच पोर्तुगीजांची, फक्त ती 1975 मध्ये सुटली), आणि मागे राहिलेले थोडे गोरे. भाषा तीन, इंग्लिश, स्पॅनिश आणि केप व्हर्देची क्रिओल. एकमेकांत येणंजाणं फारसं नाही. सामाजिक संस्था मात्र भरपूर होत्या, दवाखाना चालवणाऱ्या, घरं बांधणाऱ्या, मुलांसाठी काम करणाऱ्या. वस्ती ढासळत होती आणि संस्थांचे प्रोजेक्ट चालू होते, दोन्ही एकाच वेळी.

त्यात आणखी एक भीती. शेजारचा साउथ एंड भाग तेव्हा झपाट्याने महाग होत होता, जुने भाडेकरू बाहेर पडत होते. आणि त्याच सुमाराला बोस्टन रीडेव्हलपमेंट ऑथॉरिटी (शहराच्या पुनर्विकासाची सरकारी संस्था), म्हणजे बीआरए, यांचा डडली चौकासाठीचा 75 कोटी डॉलरच्या घरातला प्लॅन बाहेर फुटला, हॉटेलं, ऑफिसं असा. स्थानिक लोकांना कुणी विचारलेलं नव्हतं. आज कचरा टाकायला जागा मिळते म्हणून येतात, उद्या इमारती बांधायला येतील आणि दोन्ही वेळा आपण मध्ये नसणार, हे लोकांना बरोबर कळलं होतं.

आता संघटना कशी जन्मली ते. 1984 मध्ये रायली फाउंडेशन नावाच्या बोस्टनमधल्या एका देणगी देणाऱ्या ट्रस्टची मंडळी ला अलियान्झा हिस्पाना या लॅटिनो संस्थेच्या अर्जाच्या निमित्ताने भाग बघायला आली. संस्थेचे प्रमुख होते नेल्सन मर्सेड, हेच पुढे 1988 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेत निवडून आलेले पहिले लॅटिनो आमदार. ट्रस्टी भाग फिरले आणि हादरले. मग त्यांनी ठरवलं की सुटे सुटे चेक फाडण्यापेक्षा या एकाच वस्तीत बरीच वर्षं पैसा लावू. भागातल्या संस्थांना एकत्र बसवलं, सल्लागार गट झाला, महिनोन् महिने बैठका झाल्या आणि नव्या संघटनेचा आराखडा तयार झाला. नाव डडली स्ट्रीट नेबरहूड इनिशिएटिव्ह, सोयीसाठी डीएसएनआय. गव्हर्निंग बोर्ड 23 जणांचं. त्यात वस्तीतल्या रहिवाशांना जागा चार.

हा आराखडा लोकांसमोर मांडायला फेब्रुवारी 1985 मध्ये सेंट पॅट्रिक्स चर्चमध्ये मीटिंग बोलावली. दोनशेच्या आसपास माणसं आली. आयोजकांना वाटलं होतं लोक खूश होतील, टाळ्या पडतील, मतदान होईल, संपलं. झालं उलटंच. लोकांनी विचारायला सुरुवात केली की तुम्ही कोण, आमच्यासाठी ठरवायला तुम्हाला कुणी सांगितलं, आणि स्टेजवर बसलेल्यांपैकी या भागात राहतं कोण. हे विचारणाऱ्यांत चे मॅडियन नावाची बाई होती, याच भागात मुलं वाढवणारी, कुठल्या संस्थेची कर्मचारी वगैरे नाही. स्टेजवरच्यांना उत्तर देता येईना. जिथे पैसा येतो तिथे आधी प्लॅन येतो आणि मग आम्हाला उठवतात, हे लोकांनी अर्बन रिन्यूअलच्या, म्हणजे जुन्या वस्त्या पाडून शहर नव्याने बांधायच्या सरकारी योजनांच्या, नावाखाली आधी पाहिलेलं होतं, त्यामुळे राग नुसता त्या रात्रीचा नव्हता.

इथे सल्लागार गटाने जे केलं त्याबद्दल मला त्यांचं खरंच मनापासून कौतुक वाटतं. त्यांनी लोकांना समजावत बसण्यात वेळ घालवला नाही, लोक अडाणी आहेत, विरोधासाठी विरोध करतायत असं म्हटलं नाही. आराखडा मागे घेतला आणि रहिवाशांना बरोबर घेऊन परत लिहिला. आणि रायली फाउंडेशननेही पैसे देतो म्हणजे आमचं ऐका असा हट्ट धरला नाही, बोर्डाचं नियंत्रण रहिवाशांकडे जाताना ते आड आले नाहीत. पैसे देणारा असं वागतो हे फार कमी वेळा दिसतं.

नवीन बोर्ड झालं 31 जणांचं. त्यात रहिवाशांसाठी 12 जागा राखीव, आणि त्या 12 ची वाटणी अशी की चारही समाजांना प्रत्येकी तीन. लोकसंख्येच्या प्रमाणात नाही, सारख्या. म्हणजे गोरे संख्येने कमी तरी तीन, आफ्रिकन-अमेरिकन जास्त तरी तीन. याच्यावर वाद होऊ शकत होता, कारण हिशोबाने पाहिलं तर हे प्रमाणात बसत नाही. पण लोकांनी विचार असा केला की एकदा का संख्येवर गेलो की प्रत्येक निवडणूक आमचे किती तुमचे किती याच्यावर होणार आणि बाहेरच्यांना फोडाफोडी करायला रस्ता मोकळा. सारख्या जागा ठेवल्या की कुठल्याही एका गटाला एकट्याच्या जोरावर काही पास करता येत नाही, दुसऱ्याशी बोलावंच लागतं. बाकीच्या जागा संस्था, धार्मिक संस्था, छोटे दुकानदार, उद्योग, सरकारी प्रतिनिधी यांच्यात वाटल्या. पुढच्या वर्षांत रहिवाशांच्या जागा वाढतच गेल्या. मीटिंगमध्ये तिन्ही भाषांत भाषांतराची सोय ठेवली, आणि ही गोष्ट छोटी समजू नका, कारण ज्याला मीटिंगची भाषा कळत नाही तो दुसऱ्या मीटिंगला येत नाही.

चे मॅडियन पुढे या बोर्डाच्या अध्यक्ष झाल्या आणि 1986 पासून जवळपास दहा वर्षं राहिल्या.

पहिले पूर्णवेळ डायरेक्टर म्हणून 1986 मध्ये पीटर मेडॉफ यांना घेतलं, अनुभवी ऑर्गनायझर, गोरे ज्यू. संस्थेकडे पैसा होता, प्लॅनिंगचं काम लगेच सुरू करता आलं असतं, कन्सल्टंट नेमून रिपोर्ट मागवता आला असता. त्यांनी तसं केलं नाही. दारोदार जाऊन विचारलं की तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो, आणि उत्तर आलं कचरा. घरं नाही, नोकऱ्या नाही, आधी कचरा. मग 1986 च्या उन्हाळ्यात ‘डोन्ट डम्प ऑन अस’ ही मोहीम सुरू झाली, आमच्यावर कचरा टाकू नका. लोकांनी स्वतः प्लॉट साफ केले, महापालिकेकडून गाड्या आणि ट्रक मागवले, बेवारस गाड्या उचलायला लावल्या, आणि बेकायदा ट्रान्सफर स्टेशनांवर कारवाईसाठी मेयर रे फ्लिन यांच्या प्रशासनाच्या मागे लागले. त्याच वर्षी स्टेशनांना कुलूप लागलं.

बघा, यात महापालिकेने काही उपकार केलेले नाहीत. स्टेशन बेकायदा होतं, बंद करायचा अधिकार आधीपासून होता, कायदा नवीन करावा लागला नाही. फरक पडला तो मागणी करणाऱ्यात. आधी एकेक फोन होता, आता चार समाजांची निवडून आलेली माणसं एकत्र येऊन मागत होती आणि त्यांच्यात फूट आहे असं कुणाला म्हणता येत नव्हतं. आणि लोकांच्या बाजूने बघितलं तर पहिल्यांदाच असं झालं की आपण मागितलं आणि दोन महिन्यांत डोळ्यांना दिसेल असं काहीतरी झालं. पुढची दहा वर्षं जे किचकट काम चाललं, नकाशे, कोर्ट, कर्जाचे कागद, त्याला माणसं टिकली ती या पहिल्या कामामुळे असं मला वाटतं.

राजकीय हवा पण लक्षात घ्यायला हवी, नाहीतर सगळं श्रेय संघटनेला देऊन आपण मोकळे होतो. नोव्हेंबर 1986 मध्ये रॉक्सबरी आणि आसपासचा भाग बोस्टनमधून वेगळा काढून ‘मंडेला’ नावाचं स्वतंत्र शहर करावं का यावर मतदान झालं. प्रस्ताव मोठ्या फरकाने पडला. पण मेयरला संदेश गेला की या भागात नाराजी किती खोल आहे. फ्लिन स्वतः वस्त्यांचा मेयर अशी प्रतिमा घेऊन निवडून आलेले, त्यामुळे त्यांना एक असा गट हवाच होता जो रागावलेला आहे पण बोलायला तयार आहे. डीएसएनआय नेमकी तिथे उभी होती.

आता प्लॅन. महापालिकेचा प्लॅन येण्याची वाट बघायची आणि मग हरकती सूचना नोंदवायच्या, हा आपला नेहमीचा रस्ता. डीएसएनआयने उलटं केलं, स्वतःचा प्लॅन आधी केला. कन्सल्टंट नेमले, पण नेमले रहिवाशांनी आणि रिपोर्ट द्यायचा तो रहिवाशांना. महिनोन् महिने बैठका, भाषांतरासकट. काय हवं ते लोकांनी सांगितलं, गावासारखी वस्ती, मध्ये चौक, जवळ दुकानं, खेळायला जागा, परवडणारी घरं, आणि आत्ता राहणारे लोक तिथेच राहतील याची खात्री. 1987 मध्ये तो प्लॅन तयार झाला आणि महापालिकेने तो स्वीकारला. म्हणजे सरकारी ऑफिसरला आता या भागाबद्दल काही करायचं तर लोकांचा कागद टेबलावर ठेवूनच बोलावं लागणार होतं.

पण कागदावर प्लॅन असून जमीन दुसऱ्याची असेल तर काय उपयोग. इथे ही केस खरी रंगते.

प्लॅनमधला मुख्य भाग होता डडली ट्रँगल, साधारण 60 एकर. त्यातली निम्मी जमीन रिकामी. रिकाम्यातली निम्मी, म्हणजे 15 एकरच्या आसपास, महापालिकेची, कर थकल्याने तिच्याकडे आलेली. उरलेली 15 एकर खासगी, शंभराहून जास्त मालक, काही दुसऱ्या राज्यात, काहींचा पत्ताच नाही, काही भाव वाढायची वाट बघत बसलेले. आणि हे तुकडे शेजारी शेजारी नव्हते, एक महापालिकेचा, त्याला लागून खासगी दोन, मग जळक्या घराचा पाया, मग परत महापालिकेचा. सलग दहा घरं बांधायची म्हटलं तर चार मालक शोधावे लागणार, आणि त्यातला एक जरी अडून बसला की बाकीचे तीन वाया. एकेकाशी वाटाघाटी केल्या असत्या तर शेवटचा मालक तोंडाला येईल तो भाव सांगणार हे उघड होतं.

वकिलांनी, जे फुकट काम करत होते, एक रस्ता काढला. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात चॅप्टर 121ए म्हणून तरतूद आहे, तिच्याखाली शहर पुनर्विकासासाठी खासगी कॉर्पोरेशन स्थापन करता येतं आणि बीआरएच्या मंजुरीने त्याला सक्तीच्या भूसंपादनाचा अधिकार देता येतो. ही तरतूद मोठ्या बिल्डरांसाठी वापरली जायची. वस्तीच्या संघटनेने ती मागावी हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं, पण कायद्यात कुठेही असं लिहिलेलं नव्हतं की मागू नये.

आणि इथे परत एकदा आतलं भांडण. सक्तीचं भूसंपादन हे शब्द या लोकांनी आधी ऐकलेले होते, त्याच हत्याराने त्यांच्या ओळखीच्या वस्त्या उठवल्या गेल्या होत्या. ते हत्यार आपण हातात घ्यायचं? उद्या बोर्डावर दुसरी माणसं आली आणि त्यांनी माझंच घर घेतलं तर? हा प्रश्न विचारणारी माणसं संघटनेची शत्रू नव्हती, त्यांची भीती अगदी रास्त होती. त्यावर खूप चर्चा झाली आणि अट घालून घेतली, अधिकार फक्त ट्रँगलमधल्या रिकाम्या जमिनीपुरता, ज्यात माणूस राहतो अशा एकाही घराला हात लावायचा नाही. मोहिमेला घोषणा मिळाली, ‘टेक अ स्टँड, ओन द लँड’. जर पहिल्या दिवसापासून बोर्ड संस्थांच्या हातात असतं तर लोकांनी हा अधिकार त्यांना मिळू दिला असता का? माझं उत्तर नाही. ज्यांना आपण निवडून दिलं आणि ज्यांना आपण काढू शकतो त्यांच्यावरच माणूस एवढा विश्वास टाकतो. 23 पैकी चार वाल्या बोर्डाने हाच प्रस्ताव आणला असता तर सेंट पॅट्रिक्स चर्चपेक्षा मोठा गोंधळ झाला असता.

महापालिकेत सगळे बाजूने नव्हते. काही जमीनमालकांनी जोरात विरोध केला. पण रिकाम्या सरकारी जमिनी ज्या खात्याकडे होत्या ते पब्लिक फॅसिलिटीज डिपार्टमेंट बाजूने उभं राहिलं आणि मेयर फ्लिन यांनी पाठिंबा दिला. नोव्हेंबर 1988 मध्ये बीआरएच्या बोर्डाने मंजुरी दिली. महापालिकेने स्वतःची रिकामी जमीनही या कामासाठी द्यायचं कबूल केलं. त्याच सुमाराला मेडॉफ यांच्यानंतर डायरेक्टर म्हणून आले गस न्यूपोर्ट, कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराचे माजी मेयर, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेला माणूस.

अधिकार मिळाला म्हणजे काम झालं असं नाही, हे इथे ठळक सांगायला हवं कारण बऱ्याच ठिकाणी ही गोष्ट इथेच थांबवतात. सक्तीने घेतलं तरी मालकाला बाजारभाव द्यावाच लागतो. त्यासाठी फोर्ड फाउंडेशनने 20 लाख डॉलरचं कमी व्याजाचं कर्ज दिलं, तेही कागदांच्या लांबलचक खटाटोपानंतर. तोपर्यंत बोस्टनचा घरांचा बाजार पडला, बँका आखडल्या, बिल्डर मागे हटायला लागले. पहिली 36 घरं, विन्थ्रॉप इस्टेट्स, लोकांना मिळेपर्यंत 1990 चं दशक बऱ्यापैकी पुढे सरकलं होतं. मीटिंगला 1985 पासून येणाऱ्या बाईला घर दिसायला इतकी वर्षं लागली. मधल्या काळात माणसं धरून ठेवली ती छोट्या कामांनी, बाग, खेळाचं मैदान, उन्हाळी जत्रा, मुलांचे कार्यक्रम.

जमीन ठेवली कशी ते बघा, कारण माझ्या मते हा सगळ्यात दूरदृष्टीचा भाग आहे. डडली नेबर्स इनकॉर्पोरेटेड नावाचा लँड ट्रस्ट केला, त्याच्या बोर्डावर बहुमत डीएसएनआयने नेमलेल्यांचं, शिवाय महापालिकेसारख्या सरकारी बाजूलाही जागा. जमीन कायम ट्रस्टची. वर घर बांधलं की घराचा मालक रहिवासी, जमीन त्याला 99 वर्षांच्या लीजवर. घर विकायचं झालं तर विकता येतं, मुलांना देता येतं, पण विक्रीची किंमत फॉर्म्युल्याने ठरते, बाजारात काय भाव चाललाय त्याने नाही. म्हणजे पुढच्या कुटुंबालाही ते परवडलं पाहिजे. मालकीची घरं, को-ऑपरेटिव्ह घरं आणि भाड्याची घरं मिळून आज ट्रस्टच्या जमिनीवर 225 च्या आसपास घरं आहेत. 2008 नंतर अमेरिकेत कर्ज बुडून लाखो घरं जप्त झाली, आजूबाजूच्या रस्त्यांवरही झाली, ट्रस्टच्या घरांना मात्र त्याचा फटका जवळजवळ बसला नाही. आधीपासून किंमत आवाक्यात होती, आणि कर्ज घेताना ट्रस्टचा माणूस शेजारी बसून कागद वाचत होता.

घरं सोडून बाकीचंही आहे. एका जुन्या गॅरेजच्या जागेवर 10,000 चौरस फुटांचं ग्रीनहाऊस उभं आहे, द फूड प्रोजेक्ट ही संस्था तिथे भाजीपाला पिकवते. जिथे राडारोडा पडायचा त्या काही प्लॉटवर शेती चालते, पण त्याआधी मातीतलं शिसं ही डोकेदुखी होती, नवी माती आणि कंपोस्ट घालून वाफे करावे लागले.

आणि तरुण. बोर्डावर तरुणांना जागा देणं यांनी लवकर सुरू केलं. केप व्हर्देच्या कुटुंबातला जॉन बॅरोस नावाचा मुलगा टीनएजर असताना बोर्डावर निवडून आला, मोठा होऊन डीएसएनआयचा डायरेक्टर झाला, 2013 मध्ये बोस्टनच्या मेयरपदासाठी उभा राहिला, हरला, आणि 2014 मध्ये निवडून आलेल्या मेयरने त्यालाच शहराच्या आर्थिक विकासाचा प्रमुख केलं. एखाद्या संघटनेचा महापालिकेवर प्रभाव किती हे मोजायचं तर ठरावांच्या संख्येपेक्षा हे बघावं, सोळा सतरा वर्षांच्या पोरांना खऱ्या मताधिकाराची खुर्ची दिली का. आपल्याकडे युवा आघाडी म्हणजे मंडपाचं काम.

आता आपल्याशी ताडून बघू, थोडक्यात. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 ला लागू झाली, तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. महाराष्ट्रात त्या समित्यांवर नगरसेवक आणि स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी, तेही नगरसेवकांनी नेमायचे. रहिवाशाने निवडून दिलेला रहिवासी त्यात नाहीच. क्षेत्रसभेचा, म्हणजे प्रभागाच्या छोट्या भागातल्या मतदारांच्या सभेचा, कायदा 2009 मध्ये झाला, पण क्षेत्रसभा भरलेली तुम्ही किती वेळा पाहिली? मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधून 1990 च्या दशकात एएलएमची (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, म्हणजे महापालिकेबरोबर काम करणारा गल्लीतल्या रहिवाशांचा गट) कल्पना पुढे आली, गल्लीतल्या लोकांनी कचऱ्यावर खरंच चांगलं काम केलं, महापालिकेने ती पद्धत शहरभर नेली, शेकडो एएलएम झाल्या. पण एएलएमला कायद्याचा आधार नव्हता, आणि बहुतेक ठिकाणी सभासद सोसायट्यांमधले, मागच्या झोपडपट्टीतला माणूस त्यात नसायचा. मग फेरीवाल्याचा किंवा सार्वजनिक नळाचा विषय निघाला की एकाच वॉर्डातली दोन टोकं एकमेकांविरुद्ध वॉर्ड ऑफिसात उभी. ऑफिसरला तेवढंच पुरतं, दोघांना परत पाठवायला. डडलीमध्ये सारख्या जागा ठेवल्या त्या नेमक्या हे टाळायला. मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर काही वर्षं नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे. त्या काळात ज्या वॉर्डांत आधीपासून सगळ्या थरांची मिळून संघटना असती तिथल्या लोकांकडे निदान एक आवाज असता.

एक गोष्ट मान्य करतो की डडली जशीच्या तशी उचलून आणता येणार नाही. आपल्याकडे शहराच्या मध्यावर निम्मी रिकामी जमीन कुठे आहे, आणि सक्तीचं भूसंपादन रहिवाशांच्या ट्रस्टला द्यायची तरतूदही नाही. रायलीसारखा वर्षानुवर्षं पैसे देऊन गप्प बसणारा दाता मिळणं कठीण. शिवाय डीएसएनआय पगारी स्टाफवर चालते, रात्री ऑफिसवरून दमून आलेल्या चार सेक्रेटरींवर नाही, आणि पैसा बाहेरून येत असल्यामुळे देणगीदाराची आवड बदलली की संस्थेलाही धक्के बसतात.

पण बोर्डाची रचना आणायला कुणाची परवानगी लागत नाही. तुमच्या भागात फेडरेशन काढताय, तर बायलॉजमध्ये लिहा ना की चाळ, सोसायटी, झोपडपट्टी, दुकानदार यांना सारख्या जागा, भाडेकरूला मालकाइतकंच मत, दोन जागा अठराच्या आतल्यांना. महापालिकेला निवेदन त्याच्यानंतर द्या.

डडलीचा आजचा प्रश्न वेगळाच आहे. ट्रस्टच्या घरात राहणाऱ्यांचा खर्च स्थिर आहे, पण ट्रस्टच्या हद्दीबाहेर पलीकडच्या फुटपाथवर भाडी वाढत चाललीयेत, आणि तिथले भाडेकरू त्याच वस्तीतले, त्याच चर्चमध्ये जाणारे. 225 घरं त्यांना पुरत नाहीत. दुसरीकडे फॉर्म्युल्याने किंमत ठरते म्हणून ट्रस्टच्या मालकाला घर विकून तेवढा पैसा मिळत नाही जेवढा शेजारच्या रस्त्यावरच्याला मिळतो, आणि ज्या कुटुंबांना पिढ्यान् पिढ्या बँकांनी दारातून परत पाठवलं त्यांनाच संपत्ती कमी का मिळावी हा प्रश्न अगदी खरा आहे. मला स्वतःला फॉर्म्युला बरोबर वाटतो, पुढच्या कुटुंबाचा विचार करणारं दुसरं कुणी त्या व्यवहारात नसतं म्हणून. पण फॉर्म्युल्यात बदल करायचा की नाही हे ठरवायचं काम त्या बोर्डाचं आहे, आणि त्या बोर्डावर आता रहिवाशांचं बहुमत आहे.